हुग्गीआज्जांचं पोट

हुग्गीआज्जा जेवायला बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघत नसत, गळ्याकडं बघत. वाढप सुरू व्हायच्या आधी ते पंगतीच्या एका टोकाला उभे राहायचे, खांद्यावरचा पंचा कमरेला आवळायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच नजर फिरवायचे. मग चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईला हाक मारून सांगायचे, "म्हादेवी, तिसरा गडी चार भाकरी खाणार. कडंचा दीड. ती पोरगी लाजती, तिला मी बघतो." आणि अगदी तसंच व्हायचं. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "भुकेला माणूस वास आला की आवंढा गिळतोय. तोंड खोटं बोलतंय, गळ्याची घाटी खोटं बोलत न्हाय."

अनोळखी माणसाची भूक गळ्यावरून ओळखणाऱ्या या माणसाचं स्वतःचं पोट दोन वर्षं बिघडलेलं होतं, आणि त्यांच्याभोवती वावरणाऱ्या आम्हा एवढ्या माणसांत ते कुणालाही ओळखता आलं नाही. मला नीट लिहिता येतं असं मला वाटत नाही. पण हे कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

सोलापुरात आमच्या पेठेतल्या मठात रोज दुपारी अन्नदान असतं. माझी आई तिथं भाकऱ्या करते. मी शाळेपासून दुपारचं तिथंच जेवत आले. सोमवारी आणि अमावास्येला हुग्गी असते, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आणि ती वाढायचा मान या आज्जांचा. म्हणून ते हुग्गीआज्जा. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते दवाखान्याच्या केसपेपरवर. तरुणपणी ते यंत्रमागावर चादरी विणायचे. बायको गेल्यावर कुंभारीला मुलाकडं राहायला गेले, पण घरी बसवेना म्हणून रोज सकाळी शेअर रिक्षानं मठात यायचे. पगार नाही, काही नाही. "मागावर चाळीस वर्षं धागा तुटतोय का बघितलं," म्हणायचे, "आता पंगत तुटती का बघतो."

मी कॉलेजला गेले तेव्हा आमच्या घरातून तिथवर गेलेली मी पहिलीच. विषय मायक्रोबायोलॉजी. आईला तो शब्द अजून जमत नाही. आज्जांनी तर माझं नावच बदलून टाकलं. मठाच्या दारात पाय ठेवला की हाक यायची, "काय गं कॉलेज, आज काय शिकलीस?" मी सांगायचे की बारीक जंतू असतात, डोळ्याला दिसत नाहीत, कातडीवर असतात, तोंडात असतात, पोटातही असतात. ते गंभीरपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "असू देत की. पोट म्हंजे मठच हाय. येईल त्याला जागा द्यावी लागती."

वाढण्याचे त्यांचे दोन नियम होते. मला त्यांनीच ते शिकवले, कारण कॉलेज लवकर सुटलं की मीही वाढायला उभी राहायचे. पहिला, ताटावर हात आला की वगराळं, म्हणजे वाढायचा डाव, तिथंच थांबलं पाहिजे. एक थेंब पुढं जाता कामा नये. "हात म्हंजे कुलूप. तोडून आत शिरायचं न्हाय." कुणी कानडी माणूस "साकु" म्हणजे पुरे म्हणाला, तरी आज्जा शब्दावर थांबायचे नाहीत. हाताची वाट बघायचे. म्हणायचे, "लोक तोंडानं पुरं म्हणत्यात आन् पोटानं अजून मागत्यात. हात आला की मग खरं."

दुसरा नियम जेवणाऱ्याचा. ताटात पडलं ते प्रसाद. ते संपवायचं, मग ताटात पाणी घालून बोटानं चारी बाजूंनी फिरवायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. आमच्याकडं जुनी माणसं हे करतातच, पण आज्जांचं ताट असं व्हायचं की घासायला घेणारी बाई विचारायची, "आज्जा, जेवलाव का नुसतं बसलाव?"

ते स्वतः सगळ्यात शेवटी, आईबरोबर आणि बाकीच्या बायकांबरोबर जेवायला बसायचे. तेव्हा त्यांना मी वाढायचे. त्यांनी ताटावर हात धरलेला मी कधीच बघितला नाही. जो दिवसभर दुसऱ्याला आग्रह करतो त्यानं स्वतः नको म्हणायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आता वाटतं, या एका वाक्यापायी त्यांनी किती सोसलं.

पहिल्यांदा त्यांचं पोट फुगायला लागलं तेव्हा आम्ही हसलो. हे मला लपवता येणार नाही. जेवण झालं की तासाभरात त्यांचं पोट टम्म व्हायचं, सदऱ्याची खालची दोन बटणं लागायची नाहीत. ढेकर थांबायचे नाहीत. पोटातून गुडगुड आवाज यायचा, तो शेजारी बसलेल्याला ऐकू जायचा. भाजी चिरायला येणारा मल्लूकाका दर दोन दिवसांनी तोच विनोद करायचा, "काय आज्जा, कितवा म्हैना?" बायका पदर तोंडाला लावायच्या. आज्जाही हसून म्हणायचे, "नववा लागला बग. बारशाला हुग्गीच करू." त्यांनी हसून घेतलं म्हणून आम्हाला वाटलं, हसण्यासारखंच आहे.

हळूहळू त्यांचे दंड वाळले, गालफडं बसली, आणि पोट तेवढं पुढं राहिलं. मधूनच वाढप सोडून मागच्या बाजूला जायचे. तासात दोनदा, तीनदा. सकाळी रिक्षात बसायच्या आधी पाणी प्यायचं सोडलं, असं त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं. वाटेत लागलं तर काय करायचं, ही भीती. ज्या माणसानं कुणाला उपाशी उठू दिलं नाही तो स्वतः तहानलेला येत होता, लाजेपोटी. आणि आम्ही काय केलं? "आज्जा वाळलेत," असं म्हणून त्यांच्या ताटात जास्त वाढायला लागलो. आई त्यांना मामा म्हणायची. मला सांगायची, "मामांना हुग्गी दोन वगराळी घाल गं, वरनं तूप सोड." मी घालायचे. उसळ घालायचे, लसणाची चटणी घालायचे. ते गप खायचे, ताट धुऊन प्यायचे आणि खांबाला टेकून डोळे मिटायचे. मला वाटायचं, तृप्त झाले.

औषध नव्हतं असं नाही. औषध होतं, हेच तर खरं दुखणं. गल्लीतल्या डॉक्टरांनी कधीतरी त्यांना सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक ॲसिडिटीची गोळी दिली होती. ती संपली की मुलगा चिठ्ठी न दाखवता मेडिकलमधून आणायचा. अशी ती वर्षानुवर्षं चालली. पोट फुगतंय सांगितलं तर डॉक्टरांनी एकीच्या दोन केल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी कंपनी बदलली. तिसऱ्यांनी चूर्ण दिलं. आणि तिघांनीही एकच वाक्य सांगितलं, जे मुलानं सांगितलं, सुनेनं सांगितलं, मठाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं आणि मल्लूकाकानंही सांगितलं. वय झालं. या वयात गॅस होतोच.

'वय झालं' या दोन शब्दांचा मला आता संताप येतो. हे शब्द उच्चारले की समोरच्याचं काम संपतं. मग विचारावं लागत नाही, तपासावं लागत नाही. तरुण माणूस असा सुकत गेला असता तर घरदार पालथं घातलं असतं. म्हातारा माणूस सुकला तर म्हणतात, पिकलं पान.

दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी आतड्यांतल्या जंतूंबद्दल शिकवलं. म्हणाल्या, मोठ्या आतड्यात त्यांची वस्ती दाट असते आणि ती आपल्या उपयोगाची असते, पण लहान आतड्यात ते फार थोडे असायला हवेत. तिथं त्यांची गर्दी झाली की अन्न अंगाला लागायच्या आधी तेच खातात, गॅस होतो, जुलाब होतात, वजन उतरतं. म्हाताऱ्या माणसांत हे बरेचदा वयावर ढकललं जातं. मी वहीत लिहीत होते आणि माझा हात थांबला. मला आज्जांचं बटण दिसलं. तास संपल्यावर मॅडमना विचारावं असं फार वाटलं. मी बाकाजवळ उभी राहिले. पण मॅडमभोवती चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या मुली होत्या. मी काय विचारणार, आमच्या मठातल्या आज्जांचं पोट गुडगुडतंय म्हणून? मी वही बंद केली आणि घरी आले. कुणावर रागवायचं याची यादी केली तर त्यात त्या दिवशीची मीही आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती आमटीची गोष्ट झाली. अमावास्येची पंगत होती, माणसं भरपूर. आज्जांच्या हातात चुलीवरून नुकती उतरवलेली आमटीची बादली होती. वळताना त्यांचा तोल गेला, बादली कलली आणि उकळती आमटी त्यांच्या उजव्या पावलावर पडली. समोरची बाई किंचाळली. आज्जांनी फक्त खाली बघितलं, बादली सरळ केली आणि पुढच्या ताटात वाढलं. मग त्याच्या पुढच्या. मला वाटलं, आमटी कोमट असेल. पाचव्या-सहाव्या ताटापाशी मी बघितलं, ते जिथं पाय ठेवत होते तिथं फरशीवर कातडीचा ओला ठसा उमटत होता.

"आज्जा, पाय!" मी ओरडले.

"काय झालं पायाला?" त्यांनी खरंच विचारलं. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

व्यवस्थापक धावत आले. मला वाटलं, आता रिक्षा बोलावतील. ते म्हणाले, "तरी मी सांगत होतो. अहो, लोकांच्या अंगावर पडली असती तर? बास झालं आता. वय झालं तुमचं. उद्यापासून बसून राहायचं." आणि त्यांच्या हातातलं वगराळं काढून घेतलं. पंगतीसमोर. आज्जांचा हात तसाच पुढं राहिला, वगराळं धरल्यासारखा.

मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "काका, उकळतं पडलं तरी त्यांना कळलं नाही. हे वय झाल्यानं होत नाही." आई चुलीपासून उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चल. मी भी येते." भाकऱ्या तशाच टाकून. इतक्या वर्षांत तिनं कधी पंगत मध्येच सोडली नव्हती.

मोठ्या सरकारी दवाखान्यात पायाला पट्टी झाली. तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या, डोळे झोपेनं लाल झालेले. मी माझी वही बरोबर नेली होती. अडखळत सांगितलं, पोट फुगतं, जुलाब होतात, वजन उतरलंय, पायाला कळत नाही, मला वाटतं लहान आतड्यात जंतू वाढले असतील. वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, "आजोबा, टेबलावर झोपा. शर्ट वर घ्या."

एवढंच. शर्ट वर घ्या. तीन डॉक्टरांनी दोन वर्षांत हे तीन शब्द उच्चारले नव्हते.

आज्जांच्या छातीच्या खालून बेंबीपर्यंत एक लांब, पांढरा, जुना व्रण होता. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "हे कधीचं?"

"लई जुनं हाय. पोराच्या जन्माआधीचं. जठरात जखम झालती, तवा कापलं."

"कुठल्या डॉक्टरांना सांगितलं होतं का हे?"

"कुणी इचारलंच न्हाय की," आज्जा म्हणाले.

बाईंनी मला समजावून सांगितलं. तेव्हाच्या ऑपरेशनमध्ये जठर आतड्याला वेगळ्या वाटेनं जोडत. त्यात आतड्याचा एखादा भाग बाजूला राहतो, अन्न तिथं रेंगाळतं, जंतूंना ते फावतं. वयानं आतड्यांची हालचाल मंदावते ती वेगळीच. आणि पोटातलं आम्ल हे जंतूंना अडवणारं असतं, तेच रोजच्या गोळीनं वर्षानुवर्षं कमी केलेलं. म्हणजे दुखणं वाढावं असंच औषध चाललं होतं. जंतूंनी बी-बारा जीवनसत्त्व खाल्लं, त्यामुळं पायाच्या नसा बधिर झाल्या. खात्री करायला त्यांनी रक्त तपासलं आणि श्वासाच्या चाचणीसाठी चिठ्ठी दिली.

त्या चाचणीत गोड पाणी प्यायला देतात आणि दर थोड्या वेळानं एका नळीत फुंकायला लावतात. जंतूंनी ती साखर कुठं खाल्ली ते श्वासातल्या वायूवरून कळतं. आज्जा दोन-अडीच तास फुंकत होते. मध्येच माझ्याकडं बघून म्हणाले, "कॉलेज, ढेकराला हसत हुतीस ना? आता बग, रांग लावून मोजायलेत." मला हसायला आलं नाही.

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "नेमकं झालंय काय मला? तुझ्या भाषेत नको, माझ्या भाषेत सांग."

मी विचार करून म्हणाले, "आज्जा, पोटात पंगत असते असं समजा. पहिल्या पंगतीला तुमचं शरीर बसतं. त्याचं झालं की उरलंसुरलं खायला खाली जंतू बसतात. तुमच्या पोटात ते वर येऊन पहिल्या पंगतीला बसलेत. आम्ही जेवढं वाढलं तेवढं त्यांनीच खाल्लं. तुम्ही उपाशीच राहिलात."

ते फरशीकडं बघत म्हणाले, "मग जेवणाऱ्याची काय चूक? वाढणारानं बघायला पायजे हुतं, कोण बसलंय."

ते स्वतःला बोलत होते की मला, मला कळलं नाही. अजून कळत नाही.

चाचणीत जे यायचं तेच आलं. जंतूंवर औषधाचा कोर्स झाला, बी-बाराची इंजेक्शनं सुरू झाली, ती सकाळची गोळी डॉक्टरीणबाईंनी बघून बंद केली. हुग्गी, उसळ, लसूण काही दिवस वर्ज्य. थोडं थोडं खायचं. परत होऊ शकतं, लक्ष ठेवा, असं त्यांनी बजावून सांगितलं. महिन्याभरात पोट खाली बसलं. सदऱ्याची बटणं लागली. आज्जा रिक्षात बसायच्या आधी पाणी प्यायला लागले. ज्यापायी दोन वर्षं माणूस झिजला ते महिन्यात आवरलं. पण पाय परत आले नाहीत. तळवे लाकडासारखेच राहिले, काठीशिवाय तोल राहीना. मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा फरक पडेल. पण नसांचं वर्षभर आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

मी गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेले. काय बोलायचं ते चार दिवस पाठ केलं होतं. आत गेल्यावर एवढंच आलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही आज्जांचा सदरा वर का नाही केला?" त्यांनी रिपोर्ट वाचला, घडी करून परत दिला. म्हणाले, "बाहेरची रांग बघितलीस का? ज्याला त्याला टेबलावर झोपवत बसलो तर रात्र होईल. आणि त्यांनी तरी सांगायचं होतं." मी रिपोर्ट पिशवीत घातला. बाहेर आले. बाहेर खरंच रांग होती, आणि तीत बरीच म्हातारी माणसं होती, पोटावर हात ठेवून बसलेली. मला त्या सगळ्यांना हाक मारून उठवावंसं वाटलं. मी सायकल काढली आणि घरी आले.

काठी घेऊन वाढता येत नाही. व्यवस्थापक म्हणाले होते तेच आता खरं ठरलं, म्हणून ते फार गोड बोलायला लागले. मुलाच्या घरचा जिना उंच, म्हणून त्यांची माढ्याला दिलेली मुलगी न्यायला आली. जायच्या दिवशी सोमवार होता. सगळ्यांनी ठरवलं, आज आज्जांनी पहिल्या पंगतीला बसायचं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच पंगतीत बसले, भिंतीला टेकून, पाय लांब करून. मल्लूकाकानं पाट दिला. तो विनोद त्यानं केला नाही. कुणाच्याच नजरेला नजर न देता तो ताटाखालचं पाणी पुसत राहिला.

हुग्गी मी वाढत होते. त्यांचंच वगराळं होतं. त्यांच्यापाशी आले, अर्धंच वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडी चालेल. आज्जांनी माझ्याकडं वर बघितलं, आणि मला इतकं भरून आलं की तोंडातून निघून गेलं, "अजून थोडी, आज्जा. आजच्या दिवस." एवढं सगळं शिकून, एवढा राग करून, मी पुन्हा तेच केलं. वगराळं भरून पुढं नेलं.

तेव्हा त्यांनी ताटावर हात धरला.

मी तो हात कधी तिथं बघितला नव्हता. मागावर धागे जोडून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, मनगटाचं हाड वर आलेलं. "साकु, कॉलेज," ते हळू म्हणाले. माझं वगराळं थांबलं. एक थेंबही पुढं गेला नाही.

मी पुढच्या ताटाकडं गेले, मग त्याच्या पुढच्या. पंगतीच्या टोकाला पोचून मागं वळून बघितलं. माझ्यामागून आमटी येत होती, तिच्यामागून तूप. वाढणारे जवळ आले की आज्जा मान वर करून बघायचे. त्यांचा हात अजून ताटावरच होता, कुलूप घातल्यासारखा घट्ट दाबून धरलेला. सगळं वाढप संपलं, बादल्या आत गेल्या, तरी त्यांनी तो काढला नाही.